ब्लॉग लिहायला बसते आणि ऑफिसचा मेल उमटतो

ओवळा_ते_ऐरोली | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

ऐरोलीला एका आयटी कंपनीत टेस्टिंग लीड आहे. घर घोडबंदर रोडला, ओवळ्यात. सकाळी टीएमटीची बस, मग ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल, संध्याकाळी तेच उलट. अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्रीचे कॉल असतात ते वेगळे. लेक तिसरीत आहे. हे सगळं सांगितलं ते "वेळच मिळत नाही हो" म्हणायला नाही. वेळ मी काढते. लेक झोपली की पाऊण तास माझा असतो आणि त्यात ब्लॉग लिहायचा असं ठरवून सुरुवातही केलीय.

अडचण पुढे आहे. बोलताना मी बरी बोलते. कॅन्टीनमध्ये घोडबंदरचा विषय काढला की अख्खं टेबल हसतं. तोच विषय रात्री लिहायला घेतला तर हे असं काहीतरी येतं: "घोडबंदर रस्त्यावरील वाहतूक कोंडीमुळे नोकरदार वर्गाला मोठ्या प्रमाणावर गैरसोयीला सामोरे जावे लागते. मात्र यातूनही सकारात्मक दृष्टिकोन ठेवणे गरजेचे आहे."

धाकट्या बहिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "छान आहे. महापालिकेत कुणाला पाठवायचंय?"

नोकरी करून लिहिणारे इथे बरेच आहेत. दिवसभर ऑफिसची भाषा लिहून रात्री स्वतःच्या आवाजात कसं लिहिता?

मामलेदार_तर्री | सोमवार, रात्री ११:५५

बहिणीला लिहायला बसवा. तिच्या एका वाक्यात जास्त दम आहे.

निवृत्त_नौपाडा | मंगळवार, सकाळी ६:२०

ताई, माझी उभी हयात बँकेत गेली. शेरे, टिपणं, खुलासे, स्मरणपत्रं. निवृत्त झाल्यावर आईवर लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य आलं, "मातोश्रींचे बालपण अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत व्यतीत झाले." मातोश्री! आयुष्यात तिला कधी अशी हाक मारली नव्हती. हयात असती तर तिने विचारलं असतं, बरं वाटत नाही का तुला.

नंतर विचार केला की हे होतं का. ऑफिसची भाषा वाईट असते असं नाही, तिचं काम वेगळं असतं. कोण बोलतंय ते झाकणं हे तिचं काम. "असे निदर्शनास आले आहे" असं आपण लिहितो, कारण कुणाच्या निदर्शनास आलं ते सांगायचं नसतं. "निर्णय घेण्यात आला" लिहितो, कारण उद्या चौकशी झाली तर कुणाचं नाव पुढे यायला नको. ही कला मी फार मन लावून शिकलो, आणि तिच्या जोरावर दोन बढत्याही मिळाल्या. पण ब्लॉगच्या वाचकाला नेमकं तेच हवं असतं जे आपण झाकायला शिकलोय. कुणी पाहिलं, कोण चिडलं, कोण हसलं.

तुमचंच वाक्य घ्या. "नोकरदार वर्गाला सामोरे जावे लागते." हा वर्ग कोण? तुम्हीच ना? बस कुठे अडकली, तुम्ही उभ्या होतात की बसलेल्या, शेजारचा काय पुटपुटला? एवढं लिहिलंत तर "सकारात्मक दृष्टिकोन" आपोआप गळून पडेल.

ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, "निदर्शनास आले" आमच्या सोसायटीच्या फळ्यावर कायमचं मुक्कामाला आहे. "काही सभासद गॅलरीतून कचरा टाकत असल्याचे निदर्शनास आले आहे." टाकणारा ४०२ आणि निदर्शनास आलं ते ३०२ च्या, हे अख्ख्या विंगला माहीत असतं.

मामलेदार_तर्री | मंगळवार, सकाळी ९:०९

४०२ वर ब्लॉग लिहा. मी रोज वाचेन.

कोथरूड_रिटर्न | मंगळवार, सकाळी १०:३०

मी पुण्याचा, सध्या नोकरीसाठी खारघरला. (हो, माहितीये. टोमणे मारून घ्या, मग पुढे बोलू.)

साधा उपाय सांगतो. तुम्ही बोलता चांगलं म्हणता, मग बोलूनच लिहा. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की टाइप होतं, गूगलने २०१७ पासून ही सोय मराठीला दिलीय. विरामचिन्हं आपण घालायची, "च" आणि "ही" कधीकधी भलत्याच शब्दाला चिकटतात, नावांची वाट लागते. पण वाक्य बोलल्यासारखं उतरतं. "सामोरे जावे लागते" असं तोंडाने कुणी म्हणतच नाही, त्यामुळे ते कागदावरही येत नाही.

ओवळा_ते_ऐरोली | मंगळवार, दुपारी १:१५

@निवृत्त_नौपाडा काका, मातोश्रींवर फार हसले. आणि झाकण्याचं म्हणालात ते अगदी लागलं. आमच्या मेलमध्येही "इश्यू ऑब्झर्व्ह झाला" असंच असतं. कुणाच्या कोडमध्ये झाला ते कधीच नसतं.

@कोथरूड_रिटर्न, बोलून टाइप करून पाहिलं. पण घरी बोलले तर लेक जागी होते, आणि बसमध्ये बोलले तर सगळी बस ऐकते.

पाचपाखाडी_पोस्ट | मंगळवार, दुपारी १:४०

बसमध्ये बोलाच. घोडबंदरला बस इतकी थांबते की लेख पूर्ण होऊन वर चार प्रतिक्रियासुद्धा तिथेच मिळतील.

ऐरोलीकर | मंगळवार, दुपारी १:४४

पूर्वी निदान सेवा रस्त्यावरून रिक्षा काढता यायची. आता तो मुख्य रस्त्यात जोडायचं काम, मधे मेट्रोचे खांब, आणि बंदरावरून गुजरातकडे जाणारे कंटेनर. ओवळ्याहून ऐरोलीला रोज येणाऱ्या माणसाला ब्लॉग लिहायची उमेद उरते हेच मला नवल वाटतं.

पाचपाखाडी_पोस्ट | मंगळवार, दुपारी १:५०

विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की तुमच्या ऐरोलीकरांची उमेद पण बघितलीय आम्ही.

मामलेदार_तर्री | मंगळवार, दुपारी १:५२

धागा ट्रॅफिकवर आला. ठाण्याचा कुठलाही धागा तिसाव्या प्रतिक्रियेच्या आत ट्रॅफिकवर येतो, आपण आज लवकर पोचलो. जगात पोचता येत नाही, धाग्यात तरी.

सीए_हवालदिल | मंगळवार, रात्री १०:१०

नौपाड्यात माझी लहान प्रॅक्टिस आहे. मी वेळेबद्दलच बोलणार, कारण आवाजाचा प्रश्न वेळेशी जोडलेला आहे असं माझं मत आहे.

सगळे सांगतात, रोज थोडं लिहा. मला ते कधी जमलं नाही. आमचा महिनाच वेगळा असतो: ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि जुलैपासून पुढे रिटर्न आणि ऑडिट, तेव्हा तर विचारूच नका. त्या दिवसांत रात्री बळेच लिहायला बसलं की तुमच्यासारखंच मेलेलं लेखन होतं. थकलेला माणूस तयार वाक्यं उचलतो. दोष भाषेचा नाही, थकव्याचा आहे.

म्हणून मी हंगाम ठरवलाय. ऑडिटच्या दिवसांत लिहीत नाही, नुसत्या नोंदी करतो. फोनमध्ये एकेक ओळ. "गोखले रोडचा दुकानदार म्हणाला, साहेब, नफा दाखवू नका, बायको विचारेल." बस, एवढंच. पुढे मोकळीक मिळाली की त्या ओळींचं लेखन होतं. ब्लॉग महिनोन्‌महिने गप्प राहिला तर राहिला, त्याला दंड नाही.

हां, आमच्यात एक बंधन आहे. अशिलाची माहिती बाहेर सांगणं १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. त्यामुळे वरचा दुकानदार गोखले रोडचा नाही, दुकानही वेगळं आहे. बायकोचं मात्र खरं आहे.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११:२०

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो.

वैयक्तिक आवाज, वैयक्तिक आवाज म्हणत मराठी ब्लॉगवर काय काय येतं ते आधी बघा. खिडकी, पाऊस, वाफाळता चहा, "आज सहज मनात विचार आला". हे सगळे "मी" लावूनच लिहितात. काकांनी म्हटल्याप्रमाणे कोण बोलतंय ते झाकलेलं नाही, उलट तेवढंच आहे, बाकी काहीच नाही. शंभर ब्लॉग उघडा, तो पाऊस कुणाचा हे ओळखता येत नाही. हीही तयार भाषा आहे. एक ऑफिसातून येते आणि दुसरी दिवाळी अंकांतून, फरक इतकाच.

आवाज म्हणजे स्वतःबद्दल बोलणं नव्हे. एखाद्या माणसाला असं काय दिसतं जे त्याच्या शेजारी बसलेल्याला दिसत नाही, तिथे आवाज असतो. सीए साहेबांच्या त्या एका ओळीत "मी" कुठेही नाही, तरी ती दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती.

ओवळा_ते_ऐरोली | मंगळवार, रात्री ११:५०

अनुस्वार, "आज सहज मनात विचार आला" या शब्दांनी सुरू होणारी माझी एक पोस्ट आहे. सांगणार नव्हते.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११:५२

वाचलीय मी ती.

पेटीवाला | बुधवार, सकाळी ११:०५

मी काय लेखक नाय. वाशी मार्केटात फळबाजारात गाळा आहे, वडिलांपासून. पहाटे तीनला जातो, दहा-अकराला मोकळा होतो. मग गाळ्यावरच बसून फोनवर लिहितो, फेसबुकवर टाकतो. लोक वाचतात.

मला तुमच्यासारखा प्रश्न कधी पडला नाय कारण ऑफिसचं लिहायचं शिकलोच नाय. जे बघितलं ते लिहायचं. वडिलांच्या टायमाला आंब्याचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबायची, बाजूला उभा असलेल्याला कळायचं नाय काय ठरलं. शेतकऱ्याला पण कळायचं नाय, तो बिचारा समोर उभा. लहानपणी मी वडिलांच्या चेहऱ्याकडं बघून ओळखायचो भाव चढला का पडला. डावी भुवई. हे मी लिवलं तर गावाकडून देवगडच्या एका माणसाचा फोन आला, म्हणाला तुझ्या बापाची भुवई मला पण माहीत होती.

मॅडम तुम्ही पण तुमच्या ऑफिसातली भुवई लिहा.

निवृत्त_नौपाडा | बुधवार, सकाळी ११:३०

लेखक नाही म्हणता आणि असं लिहिता? पेटीवाले, लिंक द्या.

मामलेदार_तर्री | बुधवार, सकाळी ११:३१

आणि पेटीचा भाव पण द्या. ठाण्यात डझनाचे जे सांगतात त्याने माझीच भुवई वर जाते.

वॉर्ड_नंबर_पाच | बुधवार, दुपारी ३:१०

वाशीत डॉक्टर आहे, रात्रपाळ्या करते. पेटीवाल्यांचं पटलं, पण आमच्याकडे भुवई लिहिता येत नाही. माणूस ओळखू आला तर संपलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे आणि ते नसतं तरी मी लिहिलं नसतं. पहाटे चार वाजता माणूस आपल्यासमोर रडतो, तो काही ब्लॉगसाठी रडत नाही.

सुरुवातीला मी वय, लिंग, आजार, गाव सगळं बदलून लिहायचे. गुपित राहिलं पण लेखन मेलं, कारण तपशील बनावट झाले. आता पेशंटवर लिहितच नाही. स्वतःवर लिहिते, म्हणजे माझ्या हातांवर, भीतीवर, पहिल्यांदा एखाद्याच्या घरच्यांना वाईट बातमी सांगताना कुठे उभं राहायचं ते कुणी शिकवलेलं नसतं त्यावर. दार अडवून उभं राहायचं नाही. बसायला खुर्ची असेल तर आधी आपण बसायचं, म्हणजे तेही बसतात. असल्या गोष्टी पाठ्यपुस्तकात नसतात. लोकांना त्याच वाचायच्या असतात असं दिसतं.

अनुस्वार यांना वाटेल मी "मी मी" करतेय.

अनुस्वार | बुधवार, दुपारी ३:२५

मुळीच नाही. खुर्चीचं वाचून मी थांबलो.

बाबू_बेलापूर | बुधवार, संध्याकाळी ६:४०

आमच्यासारख्यांनी काय करायचं? राज्य शासनाचा कर्मचारी, कार्यालय बेलापूरला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासनाच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक, शास्त्रीय लेखनाला मोकळीक आहे. आता सांगा, घोडबंदरवरचा लेख वाङ्मयीन की टीका?

पाचपाखाडी_पोस्ट | बुधवार, संध्याकाळी ६:४४

शोकांतिका म्हणून लिहा. वाङ्मयीन झालं.

बाबू_बेलापूर | बुधवार, संध्याकाळी ६:५१

विनोद सोडा. मी बरेच दिवस टोपणनावाने लिहितो, सहकाऱ्यांना माहीत नाही. पण टोपणनावामागून बोलणं हा "आपला आवाज" कसा म्हणायचा, हे मला खरंच कळत नाही.

निवृत्त_नौपाडा | बुधवार, रात्री ८:१५

बाबू, तलावपाळीवरून जाता-येता ज्यांच्या नावाची पाटी वाचता त्या राम गणेश गडकऱ्यांचंच बघा. कविता गोविंदाग्रज नावाने, विनोदी लेख बाळकराम नावाने, नाटकं स्वतःच्या नावाने. तिन्ही आवाज वेगळे आणि तिन्ही त्यांचेच. जयवंत दळवी नोकरी करता करता ठणठणपाळ होऊन भल्याभल्यांची टोपी उडवायचे. टोपणनावाने आवाज जातो असं नाही, कित्येकांचा उलट सुटतो. मात्र टोपणनाव घेऊन एखाद्याची बदनामी केली तर नोकरी आणि कायदा दोन्ही तुमचा पत्ता शोधतील, हे लक्षात असू द्या.

@ओवळा_ते_ऐरोली, तुम्हीही नोकरीच्या करारात आणि कंपनीच्या समाजमाध्यमांच्या धोरणात काय लिहिलंय ते एकदा नीट वाचा. कंपनीचं नाव, ग्राहकाचं नाव, प्रकल्पाचे तपशील ब्लॉगवर नकोत.

ओवळा_ते_ऐरोली | बुधवार, रात्री ११:०५

वाचलंय काका. नावं कधीच घालत नाही.

गतिमान | गुरुवार, सकाळी ८:३०

एवढा काथ्याकूट कशाला? एआयला चार मुद्दे द्या, वर लिहा "भावनिक, वैयक्तिक शैलीत". दोन मिनिटांत लेख तयार. करिअर सांभाळून आठवड्याला पाच पोस्ट टाकता येतील. मी लिंक्डइनवर हेच करतो.

वॉर्ड_नंबर_पाच | गुरुवार, सकाळी ८:४५

आणि वाचायचंही त्यालाच द्यायचं का?

ऐरोलीकर | गुरुवार, सकाळी ९:१०

गतिमान, तुमच्या पोस्ट मी वाचतो. परवाच्या पोस्टमध्ये तुमच्या आजीने तुम्हाला "सातत्य हीच यशाची गुरुकिल्ली" असं सांगितलं होतं. आजी खरंच असं बोलायची?

गतिमान | गुरुवार, सकाळी ९:३२

आजी शिव्या द्यायची. पण ते लिंक्डइनवर चालत नाही.

मामलेदार_तर्री | गुरुवार, सकाळी ९:३३

त्या शिव्यांचा ब्लॉग काढा, एक नंबर चालेल.

सीए_हवालदिल | गुरुवार, सकाळी ९:५०

एआय सरसकट वाईट नाही. शुद्धलेखन तपासायला, लांबलेलं वाक्य दाखवायला मी वापरतो. पण डावी भुवई त्याला ठाऊक नव्हती, पेटीवाल्यांना होती.

रबाळे_शिफ्ट | गुरुवार, रात्री १२:२०

रात्रपाळीला आहे, प्लांट शांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रबाळे एमआयडीसीत केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इंजिनिअर.

निवृत्त काकांचा आदर ठेवून मतभेद नोंदवतो. कामाची भाषा आवाज मारते हे मला मान्य नाही. कुठल्या कामाची, त्यावर आहे. आमचं लॉगबुक बघा: "०३:१० पंप बी ट्रिप. स्टँडबाय घेतला. सील गळतंय. सकाळच्या शिफ्टने बघावे." यात एक शब्द फालतू आहे का? पुढच्या शिफ्टच्या माणसाचा जीव त्यावर असतो, त्यामुळे "मोठ्या प्रमाणावर गैरसोय" असलं काही लिहायची हिंमतच होत नाही. मी ब्लॉग लिहितो तो लॉगबुकमधूनच शिकलोय. वेळ, जागा, काय झालं, मी काय केलं. भावना वाचणाऱ्याने आणायची.

आता ताई, तुम्ही टेस्टिंगमध्ये आहात. दिवसभर मेल लिहिता हे अर्धंच खरं आहे. तुम्ही बग लिहिता, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद! बगमध्ये "युजरला अडचणींना सामोरे जावे लागते" लिहिलंत तर डेव्हलपर पाच मिनिटांत परत पाठवेल, "नीट सांगा" म्हणून. तिथे तुम्ही कुठल्या पानावर, कुठलं बटण, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे चोख लिहिता. म्हणजे नेमकं लिहायची सवय तुम्हाला आहे, नोकरीनेच लावलीय. रात्री ब्लॉगला बसताना मात्र तुम्ही चुकीच्या फोल्डरमधून भाषा उचलता. मॅनेजरला पाठवायच्या स्टेटस रिपोर्टची.

घोडबंदरचा बग लिहून दाखवा.

निवृत्त_नौपाडा | शुक्रवार, सकाळी ६:०५

मतभेद मान्य. आमच्या बँकेत पंप नव्हते हो, नुसत्या फायली. फाइल गळली तरी कुणाचा जीव जात नसे, म्हणून भाषा सैल सुटली असावी.

ओवळा_ते_ऐरोली | शुक्रवार, रात्री ११:३५

आज कॉल रद्द झाला. घ्या:

"शीर्षक: वाघबीळच्या अलीकडे बस पुढे जात नाही.
पायऱ्या: ओवळ्याला सकाळी आठची बस पकडा. आनंदनगरपर्यंत उभ्याने जा. खिडकीकडची बाई कापूरबावडीला उतरेल या आशेने तिच्याजवळ उभ्या राहा.
अपेक्षित: बाई कापूरबावडीला उतरते. उरलेल्या रस्त्यात बसायला मिळतं. दहा नंबर फलाटावरची नेहमीची गाडी मिळते.
प्रत्यक्ष: बाई स्टेशनला उतरते. तिलाही दहा नंबरवरच जायचं असतं. तिलाही गाडी मिळत नाही.
सिव्हिअरिटी: हाय. प्रायॉरिटी: लो. (सिव्हिअरिटी आम्ही ठरवतो. प्रायॉरिटी वरचे ठरवतात.)
पुन्हा घडवता येतो का: रोज."

मामलेदार_तर्री | शुक्रवार, रात्री ११:३७

उभा राहून टाळ्या. बसायला जागा नव्हतीच.

ऐरोलीकर | शुक्रवार, रात्री ११:४०

सिव्हिअरिटी-प्रायॉरिटीचं वाक्य ऑफिसच्या ग्रुपवर टाकतोय, तुमचं नाव न घालता.

बाबू_बेलापूर | शुक्रवार, रात्री ११:४६

ही टीका आहे का वाङ्मय, मला अजूनही सांगता येत नाही. म्हणजे चालेल.

अनुस्वार | शनिवार, सकाळी १०:१५

छान आहे आणि हसलोही. पण ताई, हे एकदाच चालेल. दुसऱ्यांदा बगच्या साच्यात लिहिलंत तर ती युक्ती होईल आणि तिसऱ्यांदा वाचक "पायऱ्या:" दिसताच पुढे जाईल. साचा सोडून द्या, त्यातली नजर ठेवा. यात खरा ऐवज आहे ती बाई. तिलाही दहा नंबरवर जायचंय हे तुम्हाला दिसलं. पहिल्या पोस्टमधल्या "नोकरदार वर्गा"त ही बाई होती, तिथे ती दिसत नव्हती.

रबाळे_शिफ्ट | शनिवार, सकाळी १०:४०

अनुस्वारशी सहमत. हे मी कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं.

पेटीवाला | शनिवार, सकाळी ११:२०

ती बाई भारी. @मामलेदार_तर्री भाव विचारताय तर हंगामात स्वतः मार्केटात या. इथं सांगितला तर बाकीचे गाळेवाले मला उभं करतील.

ओवळा_ते_ऐरोली | रविवार, रात्री १०:५०

साचा सोडून एक परिच्छेद लिहिलाय. ट्रॅफिक नाही यात.

"दिवसभर मी दुसऱ्यांच्या कामात काय राहिलं ते शोधते. त्याचेच मला पैसे मिळतात. सगळं बरोबर असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि मीटिंगमध्ये ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. संध्याकाळी लेकीने चित्र दाखवलं. डोंगर, सूर्य, घर, घराला दोन खिडक्या. मी बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधी म्हणाले, दार राहिलं. ती चित्राकडे बघून म्हणाली, दार मागच्या बाजूला आहे. मी कागद उलटा केला. मागे खरंच दार होतं, कडीसकट. कामाच्या ठिकाणी शिकलेली नजर घरी आणताना आपण नात्यांना तपासत तर नाही ना, असा प्रश्न मनात येऊन गेला. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, बग रिजेक्ट झाला गं तुझा."

वॉर्ड_नंबर_पाच | रविवार, रात्री ११:०२

कडीसकट!

निवृत्त_नौपाडा | रविवार, रात्री ११:१०

ब्लॉगची लिंक आता तरी द्या. सौ.लाही वाचून दाखवलं, तिने लेकीचं नाव विचारलंय. नका सांगू, पण विचारलंय.

अनुस्वार | रविवार, रात्री ११:२५

शेवटची दोन वाक्यं काढा. "नात्यांना तपासत तर नाही ना" ही त्या "सकारात्मक दृष्टिकोना"ची धाकटी बहीण आहे, मागच्या दाराने आत आलीय. आणि नवऱ्याचा विनोद चांगला असला तरी कडीपाशी थांबणं जास्त बरं.

ओवळा_ते_ऐरोली | रविवार, रात्री ११:३८

पहिलं काढते, ते लिहितानाच खटकलं होतं. नवऱ्याचं राहू दे. ते वाक्य ब्लॉगवर येणार म्हणून त्याने आज भांडी घासलीयत.